जळून गेलेल्या बाहुलीतला माझा अर्धा हिस्सा

मी, रेमेइ सेर्वेल्यो बायेस्तेर, वय सत्तेचाळीस, अविवाहित, मूलबाळ नाही, आई-वडील हयात नाहीत, धंदा शिक्षिकेचा, विषय इतिहास, राहणार वालेन्सिया, आज स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयातली एक झडप ठिकाणावर नाही, ती येत्या गुरुवारी बदलायची आहे. डॉक्टरांच्या मते घाबरण्यासारखं काही नाही. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेलं नाही. उलट माझी भावजय फिना फोनवर म्हणाली, "फेब्रुवारीत मरायचं काढू नकोस बाई. मार्च उलटेपर्यंत आमच्या बाहुल्यांच्या कारखान्यात रडायलाही कोणाला वेळ नसतो."

नोटरीबाईंनी नियम समजावून सांगितले. सगळा मजकूर एका हातचा हवा, तारीख हवी, सही हवी, आणि काही खोडलं तर ते आपणच खोडलं असं शेवटी लिहून द्यायला हवं. अशा मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. मी तरी दोन घेणार आहे. एकटीने घेतलेल्या निर्णयांवर माझा पूर्वीइतका विश्वास राहिलेला नाही.

कलम एक. तिसऱ्या मजल्यावरचं हे राहतं घर मी माझी भाची नेउस हिला देते. तिने ते विकलं तरी चालेल. पर्यटकांना रात्रीच्या भाड्याने मात्र देऊ नये. ही अट कायद्यात टिकेल की नाही मला माहीत नाही. नेउसला ती माझ्याकडून आली आहे हे माहीत असलं की पुरे.

कलम दोन. बँकेत जे असेल त्यातून अंत्यविधीचा खर्च भागवावा आणि उरेल ते शाळेच्या ग्रंथालयाला द्यावं. मुख्याध्यापकांनी त्या पैशांतून खुर्च्या घेऊ नयेत. गेल्या वेळी पुस्तकांच्या नावाखाली खुर्च्या आल्या. मी तेव्हा बैठकीत काही बोलले नाही आणि घरी येऊन रोजनिशीत मात्र दोन पानं लिहिली. माझ्या आयुष्यात असं बरंच झालं आहे.

कलम तीन. त्या रोजनिशीच्या वह्या न वाचता नष्ट कराव्यात. त्यांत कोणाचं गुपित नाही. रोज संध्याकाळी मी स्वतःची उलटतपासणी घेत असे एवढंच, आणि ती वाचण्याचा कंटाळा कोणावर लादू नये असं मला वाटतं.

कलम चार. बाबांच्या माती कोरायच्या लाकडी कोरण्या माझा भाऊ मानुएल, म्हणजे नेलो, यास द्याव्यात. त्या पहिल्यापासून त्याच्याच हाताच्या होत्या. बाबांनी त्या मला दिल्या, कारण चित्रं आधी मी काढायला लागले आणि बाबांना वाटलं कारखाना मी चालवीन. मी विद्यापीठात गेले. नेलो तेव्हापासून विकतच्या कोरण्यांनी काम करतो आणि त्याने त्या कधी मागितल्या नाहीत. त्यांतल्या एकीने मी वर्षानुवर्षं टपाल फोडते आहे.

कलम पाच. बाजारामागच्या चौकातल्या मंडळासाठी मी अनेक वर्षं ओळी लिहिल्या. दर मार्चमध्ये त्या चौकात फाया उभी राहायची, कित्येक मजल्यांच्या उंचीची, बाहुल्यांनी भरलेली. तिच्या पायथ्याशी पाट्यांवर नगरपालिकेपासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना टोमणे मारणाऱ्या माझ्या ओळी असायच्या, आणि एकोणीस तारखेच्या रात्री फाया, बाहुल्या, पाट्या सगळं एकदम जळायचं. त्या ओळींची मी नोंदणी केलेली आहे. लेखकाच्या मागे त्याच्या ओळींची मोडतोड होऊ नये म्हणून पाहणारा एक माणूस मृत्युपत्रात नेमता येतो, असं कायदा सांगतो. मी फिनाला नेमते. चौकात त्या ओळी मोठ्याने म्हणून दाखवते ती, पण तिने आजवर माझी एकही ओळ मी लिहिली तशी म्हटलेली नाही. "तुझ्या ओळीत श्वास घ्यायला जागाच नसते," असं म्हणून ती मधले दोन शब्द गाळते, आणि लोक हसतात ते तिथेच. मंडळाचे अध्यक्ष शिमो यांनी एका वर्षी मला न विचारता एक कडवं बदललं होतं. त्यांना मी माफ केलेलं नाही. फिनाने सगळीच्या सगळी बदलली तरी चालतील. यात न्याय नाही हे मला दिसतं.

कलम सहा. हे कलम लांब आहे. नोटरीबाई म्हणाल्या होत्या, कारणं लिहू नका, फक्त कोणाला काय ते लिहा. पण नुसतं कोणाला काय लिहिलं तर ते खोटं वाटेल.

विषय असा. "उन्हाळ्याची शेवटची भाडेकरीण" या नावाची एक कृती माझ्या आणि नेलोच्या नावाने, अर्धी अर्धी, या शहरातल्या कॉपीराइट नोंदणी कार्यालयात नोंदलेली आहे. ती एक बाहुली होती. बुटक्या खुर्चीवर घराच्या दाराशी बसलेली म्हातारी, पाय पाण्याच्या घमेल्यात, आणि तिच्या खांद्यांवरून, डोक्यावरून चाकांच्या बॅगा वर चढत चालल्या आहेत. इमारतीतली बाकीची घरं पर्यटकांना गेली, ही एकटी हलत नाही. कल्पना आणि चित्र माझं. माती, साचा, चेहरा नेलोचा. म्हातारी आमची आई, कॉन्सोल बायेस्तेर.

आई जानेवारीत कारखान्यात येऊन नेलोसमोर बसली. घमेल्यात खरंच पाय बुडवून.

"अरे, पाणी तरी गरम घाल! तुमच्या उन्हाळ्यापायी मला निमोनिया व्हायचा."

"आई, हलू नकोस."

"हलत नाहीये, कुडकुडतेय. आणि हे नाक कोणाचं लावलंस? हे तुझ्या बापाचं नाक आहे."

"तुझंच आहे."

"सत्तर वर्षं आरशात बघतेय, मला सांगतोस? रेमेइ, सांग ग याला!"

मी सांगितलं की नाक बरोबर आहे. ती मग दिवसभर माझ्याशी बोलली नाही आणि नेलोला मात्र घरून भात आणून वाढला.

दरवर्षी आगीआधी सगळ्या चौकांतल्या बाहुल्यांचं प्रदर्शन भरतं आणि लोक मतं देऊन एका बाहुलीला आगीतून जीवदान देतात. बाकीच्या शेकडो जातात. त्या वर्षी आमची दुसरी आली. मी स्वतः प्रदर्शनात तिकीट काढून दुसऱ्याच एका बाहुलीला मत दिलं होतं, कारण आपल्याच कामाला मत देणं मला बरं वाटेना. माझ्या एका मताने काही फरक पडला नसता. तरी हे नेलोला ठाऊक नाही, आणि हा कागद तो वाचणारच आहे, म्हणून लिहिते.

एकोणीस तारखेला आई पुढच्या रांगेत उभी होती. ज्वाळा खालून चढल्या, आधी घमेल्यापाशी. आई फिनाला म्हणाली, "चला, निदान पाणी तरी गरम झालं." आम्ही चौघं इतके हसलो की आगीचा बंबवाला वळून बघायला लागला.

नोंदणीची कल्पना माझी. त्याच्या आदल्या वर्षीचं आमचं एक चष्मेवालं गाढव दुसऱ्या एका गावच्या जत्रेत, दुसऱ्या कोणाच्या नावावर दिसलं होतं. नेलो म्हणाला, "गाढवाला गाव आवडलं असेल." मला ते सहन झालं नाही. आमच्या धंद्यात सगळे एकमेकांचे साचे उसने घेतात, एक डोकं तीन चौकांत दिसतं, कोणाला त्याचं काही वाटत नाही. कॉलेज केलेली मीच एक, मलाच वाटलं. एप्रिलमध्ये मी चित्रं, फोटो आणि भावाला घेऊन कार्यालयात गेले.

काउंटरवरच्या गृहस्थांनी विचारलं, "कृती सध्या कुठे आहे?"

नेलो म्हणाला, "वर." आणि छताकडे बोट दाखवलं.

"म्हणजे?"

"धूर झाला हो साहेब. मार्चमध्ये."

"मग मी नोंदवू काय?"

मी चित्रं पुढे सरकवली. गृहस्थ चांगले होते, त्यांनी समजून घेतलं. वस्तू गेली तरी तिच्यावरचा हक्क जात नाही, म्हणाले. कर्त्याच्या मृत्यूनंतरही सत्तर वर्षं राहतो, आणि दोन कर्ते असतील तर जो मागून मरेल त्याच्यापासून मोजायचा. मग हिस्से किती ते विचारलं. मी अर्धा-अर्धा म्हटलं.

"आईला कापायचं?" नेलो म्हणाला. "उभी की आडवी ते पण लिहायचं का?"

गृहस्थ हसले. मी हसले नाही. मी सही कुठे करायची ते विचारत होते.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात आई गेली. त्या शरद ऋतूत किनाऱ्यावरच्या एका हॉटेलवाल्याने नेलोला विचारलं की म्हातारीची एक पक्की, न जळणारी प्रत दरवाजापाशी ठेवायला करून देशील का. जिथे बॅगा ओढत पर्यटक येणार तिथेच. दोघांची मिळून केलेली कृती एकाला परस्पर वापरता येत नाही. नेलोने नीट मला विचारलं. मी लेखी नकार दिला. कायद्यात असंही आहे की कृती ज्या रूपात लोकांपुढे आली त्याच रूपात पुन्हा आणायला दुसऱ्या कर्त्याने विनाकारण आडकाठी करू नये. मी लिहिलं की तिचं रूपच जळण्याचं होतं. न जळणारी म्हातारी ही ती कृतीच नव्हे. हा मुद्दा मला आजही बरोबर वाटतो. नेलोलाही पटला. "हॉटेलवाला गेला उडत," म्हणाला.

त्याच्या पुढच्या वर्षी, सर्व संतांच्या दिवशी, दफनभूमीच्या भिंतीतल्या आईच्या कोनाड्यावर फुलं ठेवून तो सरळ माझ्याकडे आला. फिनाने केलेल्या रताळ्याच्या करंज्यांचा डबा होता हातात. याच टेबलाशी बसला.

"साचा आहे अजून," म्हणाला. "एकच काढतो. विकायला नाही. कारखान्याच्या दाराशी ठेवतो. रंगही देत नाही, हवं तर."

"ती जाळायला केली होती, नेलो."

"बाहुली जाळायला केली होती. आईला नाही."

मी काय करायला हवं होतं हे आता कोणीही सांगेल. त्या वेळी मी त्याला तेच वाक्य म्हणून दाखवलं जे हॉटेलवाल्यासाठी लिहिलं होतं. कृती ज्या रूपात लोकांपुढे आली, वगैरे. शब्दही बदलले नाहीत.

नेलोने डब्याचं झाकण लावलं. "तू माझ्याशी बोलतेयस की त्या काउंटरवाल्याशी?"

मी म्हटलं, "तत्त्व एकच आहे."

"असेल," तो म्हणाला. "करंज्या ठेवून जातो. त्या खाण्यासाठीच केल्यात, त्यात काही तत्त्व नाही."

त्यानंतर आमचं बोलणं फिनाच्या तोंडून होत आलं. भांडण नाही. नाताळला मी जाते, तो मीठ पुढे करतो. मी त्याच्या कारखान्यात गेले नाही आणि त्याने साच्याचं नाव काढलं नाही.

मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे की तो नकार तत्त्वाचा होता का. हॉटेलवाल्याला दिलेला होता. दुसऱ्याची मला खात्री नाही. आईने कारखान्यात बसून भात त्याला वाढला, हसली त्याच्या हातच्या कामावर, आणि चेहरा त्याने केला. माझं होतं ते फक्त कागदावरचं अर्धं. ते अर्धं सोडलं असतं तर माझ्याकडे त्या म्हातारीतलं काहीच उरलं नसतं. असंही असेल. हे मी रोजनिशीत अनेक प्रकारे लिहिलं आणि दर वेळी शेवटी कायद्याच्या आडोशाला गेले. अनोळखी माणसांपासून वाचवायला केलेली ती नोंदणी आजवर एकाच माणसाविरुद्ध वापरली गेली, आणि तो माझा भाऊ.

दोन हिवाळ्यांपूर्वी फिना बोलता बोलता म्हणाली होती, "तो साचा पोटमाळ्यावर आहे ग. प्लास्टरला ओल धरतेय. ओठाची कड बोट लावलं की पीठ होते." मी "हं" म्हटलं आणि नेउसच्या परीक्षेचं विचारलं. प्लास्टरच्या साच्यापाशी सत्तर वर्षं नसतात, हे मला कळत नव्हतं असं नाही. कारखान्यातच वाढले आहे मी.

म्हणून: सदर कृतीतला माझा संपूर्ण अर्धा हिस्सा मी मानुएल सेर्वेल्यो बायेस्तेर यास देते. त्याने साच्यातून आईची बाहुली पुन्हा काढावी, हव्या तितक्या काढाव्यात, रंगवाव्यात किंवा न रंगवाव्यात, दाराशी ठेवाव्यात, त्यासाठी कोणाची परवानगी लागणार नाही, मात्र त्याच्या पश्चात त्या जाळल्या जातील या अटीवर.

कलम सात. इथे अंत्यविधीच्या सूचना लिहायच्या होत्या. वरचं कलम पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं की ते फक्त मी मेल्यावर लागू होतं. गुरुवारी सगळं डॉक्टर म्हणतात तसं झालं, तर मी कदाचित आणखी तीस वर्षं जगेन, आणि तीस वर्षं तो साचा माझ्या नावाखाली पीठ होत राहील. मी भावाला देत होते ते माझ्या मरणाच्या बदल्यात देत होते. इतका विचार करून लिहिणाऱ्या बाईला हे शेवटी दिसावं, याचं काय म्हणावं.

म्हणून पेन खाली ठेवला आणि नेलोला फोन केला. आज रविवार, दुपारची वेळ, पण या दिवसांत कारखाना सुरूच असतो. मागे सॅंडपेपरचा आवाज येत होता. पुढचं संभाषण मी जसं झालं तसं लिहिते.

"काय ग? ऑपरेशन पुढे ढकललं?"

"नाही. साच्याबद्दल बोलायचं होतं."

"कुठला साचा?"

"आईचा."

सॅंडपेपर थांबला. तो बाहेर अंगणात आला असावा.

"रेमेइ, तो गेला ग."

"कधी?"

"नोव्हेंबरात. तो पाऊस लागून राहिला होता ना, पोटमाळ्याची फळी खचली. सगळे तुकडे खाली. चेहऱ्याचा तर चुराच. फिनाला म्हटलं, हिला सांगू नकोस."

"का?"

"तुला वाटलं असतं मी आधी गुपचूप एक काढून घेतली आणि मग साचा फोडला."

यावर बोलण्यासारखं बरंच होतं. माझ्या तोंडून निघालं ते हे: "काढली होतीस?"

"नाही."

"इतकी वर्षं साचा तुझ्याजवळ. मी येतही नव्हते. कोणाला कळलं असतं?"

"कोणालाच नाही."

"मग का नाही काढलीस?"

तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तू नाही म्हणाली होतीस ना."

आत कोणीतरी त्याला रंगाचं काही विचारत होतं. तो म्हणाला, "गुरुवारी किती वाजता यायचं? फिना म्हणते सातला. मी गाडी काढतो." मी सातला म्हटलं. "आणि उपाशी राहायला सांगितलंय, विसरू नकोस," तो म्हणाला. "तुझ्या तत्त्वात बसत असेल तर."

अंत्यविधीच्या सूचना: फार काही नको. आईशेजारचा कोनाडा रिकामा आहे. नेलो सांगेल तसं करावं.

कलम आठ, दुरुस्तीबाबत. कलम सहामधले "मात्र त्याच्या पश्चात त्या जाळल्या जातील या अटीवर" हे शब्द मी खोडले आहेत. खोडणं माझंच आहे, शुद्धीत आहे, आणि त्यापुढे मी सही केली आहे.

साक्षीदार म्हणून वरच्या मजल्यावरच्या अदेलाबाईंना खाली बोलावलं. शेजारधर्म म्हणून मी त्यांना कलम सहा वाचून दाखवलं आणि फोनचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, मग हे सगळं कलमच खोडा की. जे नाहीच, ते देताय काय?" दुसरा साक्षीदार पास्कुअल माझ्याच शाळेत कायदा शिकवतो, त्याने चष्मा पुसत मान हलवली, म्हणजे त्याचंही तेच मत.

कलम सहा मी खोडणार नाही. ज्यातून काही काढता येईल असा साचा आता नाही हे जाणून, बाकीचं सगळं कलम होतं तसं ठेवते. ही परवानगी आहे. मागितली होती तेव्हा दिली नाही, ती आज देत आहे, आणि ती दिली गेली याची नोंद कुठेतरी असावी अशी माझी इच्छा आहे.

स्थळ: वालेन्सिया
दिनांक: रविवार, ५ फेब्रुवारी २०२३

(सही) रेमेइ सेर्वेल्यो बायेस्तेर

वरील सही आमच्या देखत झाली. मृत्युपत्र करणारी शुद्धीवर होती, असं आम्हाला दिसलं.

(सही) अदेला फेरांदीस, निवृत्त परिचारिका, चौथा मजला
(सही) पास्कुअल मोन्लेओ, शिक्षक